यवनांचे खांब

परदेशच्या वकिलाचा, अथवा परमुलखांतून येऊन आपल्यांत वसलेल्या एखाद्या मंडळाचा सत्कार करावयाचा झाला म्हणजे त्याची रीत आपल्याकडे ठरून गेलेली आहे. हार, श्रीफळ, शाल, दोन भाषणें व एक छायाचित्र. दुसऱ्या दिवशीं हार सुकतो, आणि पाहुण्यानें येथें काय केलें असें विचारलें तर सभेस आलेल्यांपैकीं फारच थोड्यांस तें सांगतां येतें. या रीतीस आमचा विरोध नाहीं. परंतु ज्यांचीं नांवें दोन हजार वर्षें टिकलीं अशा कांहीं पाहुण्यांकडे पाहिलें असतां, सत्काराचा याहून चांगला प्रकार आपल्या देशांत पूर्वीं होता, असें आम्हांस वाटतें.

विदिशेजवळ बेसनगर येथें एक दगडी स्तंभ उभा आहे. आसपासचे लोक त्यास खांबबाबा म्हणत व शेंदूर लावीत. १८७७ सालीं कनिंगहॅम साहेबांनीं हा स्तंभ पाहिला, पण शेंदराच्या जाड पुटांखालचा लेख त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं. १९०९ सालीं तो लेख उजेडांत आला, आणि हा गरुडध्वज हेलिओडोरस नांवाच्या ग्रीक वकिलानें उभारला, असें विद्वानांस कळलें. हा दिओनाचा पुत्र, राहणारा तक्षशिलेचा, ग्रीक राजा अँटिअल्किडस याजकडून काशीपुत्र भागभद्र राजाच्या दरबारीं आलेला. काळ इ. स. पूर्वीं दुसऱ्या शतकाच्या अखेरीचा. हा गृहस्थ स्वतःस भागवत म्हणवितो, वासुदेवाचा ध्वज उभारितो, आणि दम, त्याग व अप्रमाद हे तीन गुण आचरिले असतां स्वर्ग मिळतो, असें खालीं लिहवितो. मात्र बापाचें नांव, गांवाचें नांव, धन्याचें नांव, आपलें यवनपण, यांतील कांहींच त्यानें झांकलेलें नाहीं. यजमानांनीं वकिलाचा सत्कार करावा ही नित्याची गोष्ट. येथें वकिलानेंच यजमानांच्या भूमीवर खांब रोवला.

तो वकील एकटा होता. वसाहत करून राहिलेले यवन पाहावयास आपणांस विदिशेस जाण्याचेंही कारण नाहीं. ‘यवन’ हा शब्द पुढें मराठींत भलत्याच अर्थानें वापरला गेला. मूळ तो आयोनियाच्या ग्रीकांचा वाचक आहे, आणि लेण्यांतील लेखांत तो ग्रीकांकरितां, अथवा ग्रीकांशीं नातें सांगणाऱ्या लोकांकरितां आला आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत परदेशचा माल उतरे, नाणेघाट चढून जुन्नरास येई, आणि मालाबरोबर माणसेंही येत. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या हद्दीस लागूनच असलेल्या त्या जुन्नराच्या डोंगरांत इरिल नांवाच्या यवनानें पाण्याच्या दोन पोढ्या खोदविल्या. चिट नांवाच्या यवनानें भिक्षूंसाठीं भोजनमंडप दिला. नाशिकच्या पांडवलेण्यांत धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, उत्तरेकडून आलेला, दात्तामित्रीचा राहणारा ‘योणक’, यानें आईबापांच्या पुण्यार्थ लेणें कोरविलें, त्यांत चैत्यगृह केलें व पोढ्या केल्या. आमचें मिरजगांव अवर्षणाच्या मुलखांतलें. चैत्रांत रिकामी घागर घेऊन ज्यानें वाट तुडविली आहे, त्यास परक्यानें दोन पोढ्या खोदून देणें म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागत नाहीं.

कार्ल्याचें चैत्यगृह मात्र आम्हांस सर्वांत बोलकें वाटतें. तेथील खांब कोणा एका राजानें दिले नाहींत. एकेक खांब एकेका दात्यानें दिला आणि आपलें नांव त्यावर कोरविलें. त्यांत धेनुकाकट गांवचे यवन पुष्कळ आहेत. सिहधय, धम्म असलीं त्यांचीं नांवें अगदीं देशी. पण नांवापाशीं ‘यवन’ हा शब्द त्यांनीं आवर्जून घातला. त्याच धेनुकाकटच्या गंधविक्या सिंहदत्तानें दरवाजा करविला, तेथल्या व्यापाऱ्यांच्या समूहानें मिळून एक खांब दिला. यवनाचा खांब निराळ्या रांगेंत नाहीं, ठेंगणाही नाहीं. वरच्या छताचा भार त्यावर इतरांएवढाच आहे.

आतां आपल्याकडे पाहावें. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर, ऊसतोडीस दूरदूरचीं कुटुंबें येतात. त्यांचीं मुलें शाळेंत बसूं लागलीं म्हणजे चार दिवसांत ‘उपरा’ हा शब्द त्यांच्या कानीं पडतो. मग मूल आपली बोली गिळतें आणि गांवाचें नांव विचारलें तर मान खालीं घालतें. हें मूल आपल्यांत मिसळलें, असें समजून आपण संतोष मानतो! आम्हां ख्रिस्ती लोकांस ‘तुमचें मूळ कोठलें’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या मराठींतच विचारला गेला आहे, म्हणून त्याची धार आम्हांस ठाऊक आहे. आणि आपलींच माणसें परदेशीं गेलीं म्हणजे काय करितात? १९३२ सालीं लंडनांत महाराष्ट्र मंडळ स्थापन झालें. तेथें गणपतीचा उत्सव होतो, मराठी बोललें जातें, आणि त्याचा आपल्याला अभिमान वाटतो. लंडनांत जें शोभतें तें मिरजगांवांत कां शोभूं नये?

आमचें म्हणणें एवढेंच कीं, बाहेरून आलेल्या माणसास एका दिवसाचा हार देण्यापेक्षां त्याजकडे एक खांब मागावा. शाळेची खोली, पाण्याची टाकी, वाचनालयाचें कपाट, जें कांहीं सर्वांचें असेल त्यांत त्याचा वांटा घ्यावा. पैसा नसेल तर हातांची मेहनत घ्यावी. आणि फलकावर नांव लिहितांना त्याचें मूळ गांवही त्याच अक्षरांत, त्याच रांगेंत लिहावें. ‘आतां हे आपलेच झाले’ असें म्हणून गांवाचें नांव गाळण्याची जी सभ्यता अलीकडे दिसते, ती आम्हांस मान्य नाहीं.

सहलीस जुन्नरास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं शिवजन्माचें स्थान पाहून लगेच गाडी गांठूं नये. लेण्यांकडेही जावें, वही व पेन्सिल बरोबर ठेवावी. ब्राह्मींतील य, व, न हीं तीन अक्षरें निघण्यापूर्वीं फळ्यावर गिरविलीं तर भिंतीवर तीं ओळखावयास वेळ लागत नाहीं.