मोडण्यापूर्वी मोजावे

दिवाळी जवळ आली किंवा घरात लग्नकार्य ठरले, की घराच्या नूतनीकरणाचा विषय निघतो. आराखडे येतात, रंगांचे नमुने पाहिले जातात आणि एके सकाळी पहिला हातोडा जुन्या भिंतीवर पडतो. मोजदाद केल्याशिवाय दुकानातील एक गाठोडेही न हलविणारा व्यापारी घरातील पिढीजात वस्तू मात्र मोजदादीवाचून भंगारवाल्याच्या गाडीत चढू देतो. पर्यावरणस्नेही गृहसजावटीचा आरंभ नव्या खरेदीपासून होत नाही, तो या मोजदादीपासून होतो.

पेठेतील एखाद्या जुन्या घराचा विचार करावा. खाली दुकान, वर राहणे. सागवानी चौकटी, कडीपाटाचे छत, जाड फळ्यांची दारे, ओसरीवर शहाबादी फरशी, माजघरात सिमेंटच्या नक्षीदार लाद्या, आजोबांचे हिशेबाचे उतरते मेज आणि माळ्यावर पितळी हंडे-घागरी. नव्या पिढीस हे घर अंधारे आणि अडचणीचे वाटते, आणि तिची तक्रार खोटी नसते. वडीलधाऱ्यांस मात्र त्यातील एकेक वस्तू हलविणे जिवावर येते. या ओढाताणीत कोणीही जिंकले तरी दुसऱ्याच्या मनात अढी राहते. म्हणून काय काढावे, या प्रश्नाआधी घरात काय आहे, हे सर्वांनी मिळून एका वहीत लिहून काढणे हिताचे ठरते.

त्या वहीतील पहिली नोंद बहुधा लाकडाची असते. जुन्या घरांतील साग पूर्ण वाढलेल्या वृक्षांचा आणि अनेक दशके मुरलेला असतो. तो सहसा वाकत नाही, आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्यापासून बरीच दूर राहते. त्याच्या जागी येणारे स्वस्त प्लायवूड आणि भुशाचे दाबीव तक्ते बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त गोंदाने चिकटविलेले असतात. हा वायू नव्या फर्निचरमधून दीर्घकाळ थोडाथोडा बाहेर पडत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ साली हे द्रव्य मानवास कर्करोगकारक ठरविले आहे. नवे प्लायवूड घेणे अटळच असेल, तर त्यावरील ‘ई-०’ किंवा ‘ई-१’ ही कमी उत्सर्जनाची खूण पाहून घ्यावी. परंतु घरात साग असताना ते टाकून असे तक्ते विकत आणणे, हा व्यवहार वहीत कोणत्याच बाजूने जुळत नाही.

जाणत्या सुताराच्या हाती जुन्या दाराचे भोजनाचे मेज होते, खिडकीच्या चौकटीत आरसा बसतो, कडीपाटाच्या फळ्यांची पुस्तकांची मांडणी होते. हिशेबाचे उतरते मेज नातवाच्या अभ्यासाला येते, आणि त्यावर बसणाऱ्याला आजोबांचे अक्षर पाहण्याची इच्छाही कधी होते. मात्र दोन गोष्टींची सावधगिरी हवी. पहिली, रंधा मारण्यापूर्वी लाकडातील प्रत्येक खिळा उपटून घ्यावा. दुसरी, जुन्या तैलरंगात शिसे असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग इतकी ठरविणारे नियम २०१६ साली झाले. त्यापूर्वीच्या रंगांचा भरवसा धरता येत नाही. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ लहान मुलांस अपायकारक ठरते. म्हणून घासकाम घराबाहेर, ओले करून आणि मुलांना दूर ठेवून करावे.

घरात जुने लाकूड नसेल, तर ते बाजारात मिळते. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार यांसाठी प्रसिद्धच आहेत. खरेदीपूर्वी लाकूड उलटेसुलटे करून पाहावे. बारीक छिद्रे आणि त्यांतून गळणारे पिठासारखे चूर्ण दिसले, तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. असे लाकूड घरी आणले की पुढे औषध मारण्याचा प्रसंग येतोच. अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या कुटुंबाने ती वेळ येऊ न देता निरोगी लाकूड निवडणे, हाच विवेक होय.

दुसरी नोंद फरशीची. मळलेली शहाबादी किंवा नक्षीदार लादी पाहून ती उखडण्याचा सल्ला सहज दिला जातो. पण या दोन्ही फरश्या पुन्हा घासून पॉलिश करता येतात. उखडलेल्या फरशीचा राडारोडा मात्र कोठेतरी नाल्याकाठी जाऊन पडतो. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारला २०१६ साली स्वतंत्र नियम करावे लागले, यावरूनच त्याचा भार लक्षात येतो. काही लाद्या फुटल्याच, तर त्यांचे तुकडेही निरुपयोगी नाहीत. पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचे आच्छादन गच्चीवर केले, तर ते ऊन परतविते आणि खालची खोली कमी तापते. चंदीगढ येथील नेकचंद यांचे रॉक गार्डन तर फुटक्या कपबश्या, बांगड्या आणि टाकाऊ साहित्यातूनच उभे राहिले, आणि १९७६ साली ते लोकांसाठी खुले झाले.

असाच विचार वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी आयुष्यभर आचरिला. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे भारताचे नागरिकत्व स्वीकारलेल्या बेकर यांच्यावर महात्मा गांधींच्या विचारांचा खोल संस्कार होता. तिरुवनंतपुरम येथील स्वतःच्या घरात त्यांनी जुन्या घरांतून निघालेले लाकूड, फरश्यांचे तुकडे आणि रंगीत बाटल्याही वापरल्या. १९९० साली पद्मश्री मिळालेल्या या माणसाला दुसऱ्याने टाकलेले दार आपल्या घरास लावण्यात कमीपणा वाटला नाही.

तिसरी नोंद प्रकाशाची, आणि तिचा आरंभ दिव्यापासून नव्हे, तर खिडकीपासून करावा. ज्या घरात सूर्यास्तापूर्वी भोजन होते, तेथे सायंकाळचा शेवटचा अर्धा तास मोलाचा असतो. स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडील खिडकीसमोर उंच कपाट किंवा शीतकपाट उभे केले, की तो अर्धा तास हरवतो आणि उजेडीच जेवण्याचा नियम दिव्याखाली पाळावा लागतो. कपाट दुसऱ्या भिंतीला हलविणे आणि खिडकीलगतची भिंत पांढऱ्या चुन्याने रंगविणे, या दोनच गोष्टींनी पुष्कळ अंतर पडते. जुने घर अंधारे आहे, ही सुनेची तक्रारही निम्मी येथेच मिटते.

त्यानंतर दिवे. तारेचा जुना बल्ब विजेचा सुमारे ५ टक्केच भाग प्रकाशात बदलतो. बाकी सारी उष्णता होते. ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. हे दिवे शक्य झाले ते निळ्या एलईडीच्या शोधामुळे, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुकानाचा हिशेब तर अगदी सोपा आहे. कापडाच्या दुकानात ५० वॅटचे २० हॅलोजन दिवे रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस जळत असतील, तर ३,००० युनिट वीज लागते. त्यांच्या जागी ७ वॅटचे एलईडी लावल्यास ४२० युनिट पुरतात. युनिटचा दर १० रुपये धरला, तर वर्षाला २५,८०० रुपये वाचतात; शिवाय हॅलोजनची उष्णता घालविण्यासाठी वातानुकूलन यंत्राला होणारे श्रमही कमी होतात.

दिवा घेताना वॅट पाहून थांबू नये. खोक्यावर ‘के’ अक्षरापुढे किंवा मागे जो आकडा असतो, तो प्रकाशाची छटा सांगतो. २७०० ते ३००० म्हणजे उबदार पिवळा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बैठकीस, शयनगृहास आणि अंगणास पिवळा प्रकाश योग्य. निळसर प्रकाशाकडे उडणारे कीटक अधिक ओढले जातात, पिवळ्याकडे त्या मानाने कमी. दारावरच्या दिव्याखाली सकाळी मेलेल्या पाखरांचा सडा दिसत असेल, तर तो दिवा बदलणे हीसुद्धा जीवदयाच होय. दुसरा आकडा ‘सीआरआय’चा. कापड वा दागिन्यांच्या दुकानात तो ९० च्या वर असावा, म्हणजे रंग दिव्याखाली आणि उन्हात जवळजवळ सारखाच दिसतो आणि ग्राहक पातळ बदलून घ्यायला परत येत नाही. जुन्या ट्यूब काढताना त्या फोडू नयेत, कारण त्यांत पारा असतो. त्या ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्याव्यात.

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. जुने जपणे म्हणजे सारे साठविणे नव्हे. वर्षानुवर्षे माळ्यावर न उघडता पडलेली पेटी हाही परिग्रहच आहे, मग ती कितीही पिढीजात असो. वहीतील प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न लिहावा : ही वस्तू उद्या कोणाच्या उपयोगाची आहे? घराच्या उपयोगाची असेल, तिला नवे रूप द्यावे. दुसऱ्याच्या उपयोगाची असेल, ती त्याच्या घरी सन्मानाने पोहोचवावी. हंड्यांपैकी एक दारात फुलांसाठी ठेवून उरलेले एखाद्या भोजनशाळेस देता येतात. उरेल तेवढेच भंगारात जावे, आणि नव्याची खरेदी त्यानंतरच व्हावी.

ही वही पूर्ण होण्यास दोन रविवार पुरतात. सासऱ्यांनी वस्तूंची हकिकत सांगावी, सुनेने गरजा सांगाव्यात आणि नातवंडांनी लिहून घ्यावे. सुताराला बोलावणे त्यानंतर पाठवावे.