परवाना, छर्रा आणि रानकबूतर

इंग्लंडमध्ये रानकबुतरांचे थवे मोहरीवर्गीय तेलबियांच्या शेतात उतरले की काही शेतकरी एअर रायफल काढतात. १२ फूट-पाउंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १६ जूल शक्तीच्या रायफलीला तिथे शस्त्रपरवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये २०१६ च्या अखेरीपासून लागतो. शक्ती एवढी तुटपुंजी की छर्रा नेमका डोक्यात बसला तरच पक्षी जागीच मरण्याची खात्री. एरवी तो जखमी होऊन झुडपात तडफडतो. ज्याला तीस मीटरवर नाण्याएवढा ठिपका सलग टिपता येत नाही, त्याने सरळ बुजगावणे उभारावे.

नेम साधला तरी उपद्रवी कोण, हे ठरवायचे कोणी? ‘वाइल्ड जस्टिस’ संस्थेच्या कायदेशीर आव्हानानंतर एप्रिल २०१९ मध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने उपद्रवी पक्षी मारण्याची मुभा देणारे तीन सर्वसाधारण परवाने तडकाफडकी रद्द केले. शेतकरी भडकले. जूनमध्ये सरकारने नवे परवाने काढले. रद्द करण्याची घाई चुकलीच, पण आक्षेप रास्त होता. सोळा जातींना सरसकट मारण्याची मुभा देताना, आधी इतर उपाय करून पाहिले का, हे विचारायलाच हवे.

आपल्याकडे वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने कावळ्याला उपद्रवी ठरवणारी अनुसूचीच गेली. छऱ्याच्या बंदुकीने अंगणातले पक्षी टिपणाऱ्यांना हे ठाऊक दिसत नाही. वनखात्याने ही माहिती बंदूक विकणाऱ्या दुकानांतच ठळक अक्षरांत लावावी.