लाइफटाइम ऑइल? कुणाचं लाइफटाइम?

तुमच्यापैकी काहीजणांना आता लवकरच लायसन्स मिळेल. अमेरिकेत पहिली गाडी बरेचदा घरातलीच असते, आई-बाबांनी आठ-दहा वर्षं चालवलेली. टायर, ब्रेक आणि इंजिन ऑइल यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पण "ट्रान्समिशन फ्लुइड शेवटचं कधी बदललं?" असं घरी विचारून बघा. "ते बदलायचं नसतं. लाइफटाइम असतं," असं उत्तर मिळालं तर नवल वाटायला नको.

माझं मत सरळ आहे. या 'लाइफटाइम' शब्दावर विसंबून राहू नका.

आधी हे फ्लुइड काय काम करतं ते पाहू. तुमचे आई-बाबा भारतात गाडी शिकले असतील, तर बहुतेक क्लच दाबून आणि हाताने गिअर टाकून शिकले असतील. ऑटोमॅटिक गाडीत हे काम गाडी स्वतः करते, आणि ते या फ्लुइडच्या जोरावर करते. पंप फ्लुइडला दाब देतो. त्या दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि गिअर बदलतो. इंजिनाची ताकद पुढे पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्येही हेच फ्लुइड फिरत असतं. शिवाय गिअरच्या दातांना वंगण देणं आणि उष्णता बाहेर नेणं, हेही त्याच्याच गळ्यात.

इतकं काम करून ते थकणारच. उष्णतेने ते हळूहळू खराब होतं. त्यात मिसळलेली रसायनं संपत जातात आणि चकत्यांची बारीक पूड त्यात साठते. मग 'आयुष्यभर टिकतं' म्हणजे कुणाच्या आयुष्यभर? फ्लुइड खराब होऊन ट्रान्समिशन बंद पडलं, की दोघांचंही आयुष्य एकदमच संपलं! तोपर्यंत वॉरंटीही बहुधा संपलेली असते. नवीन ट्रान्समिशनला हजारो डॉलर लागतात. जुन्या गाडीची कधीकधी तेवढी किंमतही नसते.

काही मॅन्युअलमध्ये साध्या वापरासाठी फ्लुइड बदलायची मुदत दिलेली नसते, हे खरं आहे. पण त्याच मॅन्युअलमध्ये 'कठीण वापर' असाही एक भाग असतो, तो वाचा. ट्रेलर ओढणं, डोंगराळ रस्ते, कडक ऊन, रोजचं ट्रॅफिक, सारखे छोटे-छोटे प्रवास. आता सांगा, यातलं काहीच आपल्याला लागू होत नाही, असं किती घरं म्हणू शकतील? मॅन्युअलमध्ये मुदत दिली असेल तर ती पाळा. नसेल तर साधारण ६०,००० मैलांना फ्लुइड बदलावं, असं मला वाटतं.

आता कोणतं फ्लुइड घ्यायचं? इथे रंग बघू नका. बरीच फ्लुइड लालच असतात. गळती झाली तर ती इंजिन ऑइलपेक्षा वेगळी दिसावी म्हणून तो रंग घातलेला असतो. गाडीच्या नावावरूनही ठरवू नका. २०१० च्या होंडा सिव्हिकच्या ऑटोमॅटिकला डीडब्ल्यू-१ चालतं. २०१६ च्या सिव्हिकमध्ये सीव्हीटी असेल तर तिला एचसीएफ-२ लागतं. नाव एकच, पण आतली यंत्रणा वेगळी. सीव्हीटीमध्ये साधं ऑटोमॅटिकचं फ्लुइड घातलं तर ती खराब होऊ शकते. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेली बाटली थोडी स्वस्त मिळेल. पण मॅन्युअलमध्ये जे नाव आणि जो क्रमांक दिला आहे, तोच बाटलीवर शोधा.

"जुनं फ्लुइड बदललं की ट्रान्समिशन बिघडतं," असंही लोक म्हणतात. गिअर आधीच घसरत असतील, तर नुसतं फ्लुइड बदलून ते दुरुस्त होणार नाहीत, आणि दोष मात्र नव्या फ्लुइडला मिळेल. म्हणूनच गाडी नीट चालतेय तोवरच बदलायचं. जोराने दाब देऊन सगळं धुऊन काढण्यापेक्षा खालचा बोल्ट उघडून जुनं काढावं आणि वरून तेवढंच नवीन भरावं, हे मला जास्त पटतं. अशा वेळी काही फ्लुइड टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं, म्हणून सगळं एकदम बदलत नाही. तरी चालेल. काही हजार मैलांनी पुन्हा एकदा करा. किती काढलं ते मात्र मोजा. कमी भरलं तरी त्रास आणि जास्त भरलं तरी त्रास.

हे काम स्वतःच करायला हवं असं नाही. नव्या गाड्यांमध्ये बरेचदा डिपस्टिक नसते, आणि ठरलेल्या तापमानालाच पातळी तपासावी लागते. अशी गाडी चांगल्या मेकॅनिककडे न्या. डीलरकडेच गेलं पाहिजे, नाहीतर वॉरंटी जाईल, ही भीती नको. अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. बाहेर सर्व्हिस केली एवढ्याच कारणाने कंपनी वॉरंटी नाकारू शकत नाही. फक्त योग्य फ्लुइड वापरा आणि पावती जपून ठेवा.

या शनिवारी गाडीतलं मॅन्युअल काढा. फ्लुइडचं नाव आणि बदलण्याची मुदत, या दोन गोष्टी शोधा आणि घरच्यांना मराठीत समजावून सांगा. मग पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिकशी कोण बोलणार, तेही ठरवून टाका. तुम्हीच का नाही?