खरा बायकर सगळ्यात मागे असतो

तुमच्या ग्रुपची शेवटची राइड आठवा. सगळ्यात पुढे कोणाची गाडी होती, हे लगेच सांगाल. कोणत्या वळणावर कोणी गाडी किती झोपवली, आधी कोण पोचलं, हेही सांगाल. आता सांगा, सगळ्यात मागे कोण होतं?

आठवत नाही ना? गेल्या पावसाळ्यापर्यंत मलाही आठवलं नसतं. मग एकदा सगळ्यात मागे मीच राहिले.

आम्ही कळवणहून सापुताऱ्याला निघालो होतो. पाच गाड्या, नऊ जण. अभोण्याला चहा झाला आणि तिथून पुढे प्रत्येकाच्या अंगात वारं शिरलं. माझ्याकडे भावाची शंभर सीसीची गाडी, मागे मैत्रीण. अभोणा सोडून थोडं पुढे गेलो आणि खडखड आवाज करत चेन उतरली. हॉर्न वाजवला, दोघी ओरडलो. पुढच्या चार गाड्या वळणाआड गेल्या त्या गेल्याच. मोबाइलला रेंज नाही, वरून पाऊस भुरभुरतोय.

तेवढ्यात एक मोठी बाइक आली. दोन्ही बाजूंना बॅगा, चालवणाऱ्याच्या अंगावर जॅकेट, हातमोजे, गुडघ्यांना पॅड. हा नक्की थांबेल, असं वाटलं. नाही थांबला. नंतर एक जुनी गाडी आली, दुधाच्या किटल्या लटकवलेली, मडगार्ड तारेनं बांधलेलं. ती पुढे गेली आणि वळून परत आली.

‘काय व्हयनं ताई?’

काकांनी सीटखालून पान्हा काढला. मागच्या चाकाचा नट सैल केला, चेन चढवली, ताणून दिली. ‘चेन ढिली से,’ एवढंच बोलले. पैसे विचारले तर हसले. पण लगेच निघाले नाहीत. आम्हाला पुढे व्हायला सांगितलं आणि पुढच्या फाट्यापर्यंत आमच्या मागेच आले.

पाऊण तासानं दोस्त भेटले. भजी खात होते. ‘कुठे राहिलात?’ त्यांनी विचारलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्ही मागे नाही, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मला जास्त लागलं ते हेच.

तेव्हापासून ‘खरा बायकर कोण?’ ही चर्चा कट्ट्यावर सुरू झाली की मला किटल्या आठवतात. ही चर्चा कायम सीसीवर सुरू होते आणि ब्रँडवर संपते. कोणी म्हणतं बुलेटशिवाय मजा नाही, कोणी म्हणतं लेह-लडाख केल्याशिवाय बायकर म्हणवूच नये. हे चित्र आपल्याकडे आलं कुठून? बरंचसं पडद्यावरून. लेदर जॅकेटवाला बंडखोर बायकर जगभर पोचवला 1953 च्या ‘द वाइल्ड वन’मधल्या मार्लन ब्रँडोनं. आपल्याकडे 2001 मध्ये पल्सर आली, 2004 मध्ये ‘धूम’ आला आणि गल्लीगल्लीत वेगाचं वेड शिरलं. तुमच्यातले कित्येक जण जन्मले त्याच सुमारास.

आता कळवणच्या रस्त्यावर सकाळी सातला उभे राहून बघा. दूधवाले, कोथिंबिरीच्या जुड्या बांधून बाजाराला निघालेले शेतकरी, पाड्यावरच्या शाळेत जाणारे गुरुजी, आशाताईंना सोडायला आलेले त्यांचे घरचे. पावसात, चिखलात, खड्ड्यांतून, रोज. आपण वर्षाकाठी चार राइड करतो आणि स्टेटसला ‘रायडर’ लिहितो. त्यांना मात्र कोणी बायकर म्हणत नाही.

पण त्यांच्या आरत्या ओवाळून मला थांबायचं नाही. त्या काकांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. ‘इथल्या इथे तर जायचंय’ हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यातली साधारण 44 टक्के दुचाकीवरची. हेल्मेट नसताना जीव गमावलेले 50,029, आणि त्यात मागे बसलेले 14 हजारांहून जास्त. म्हणजे हेल्मेट दोन लागतात, एक नाही. कायदाही तेच सांगतो. त्या जॅकेटवाल्याचं हेल्मेट आणि काकांचं थांबणं, दोन्ही एकाच माणसात हवं. मी त्याला बायकर म्हणेन.

‘थांबत बसलो तर राइडची मजा काय?’ असं कोणी म्हणेल. ज्यांना एकेका मिनिटाचा हिशेब द्यावा लागतो, त्यांच्याकडे बघा. डकार रॅली ही जगातल्या सगळ्यात खडतर शर्यतींपैकी एक. 2016 मध्ये पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस बाइक गटात सगळ्यांच्या पुढे होता. वाटेत त्याला मथियास वॉकनर पाय मोडून पडलेला दिसला. गोन्साल्विस थांबला. डकारमध्ये असा मदतीत गेलेला वेळ परत दिला जातो, कारण पडलेल्यासाठी थांबणं तिथे शर्यतीचाच भाग मानतात. चार वर्षांनी, जानेवारी 2020 मध्ये, सौदी अरेबियाच्या वाळवंटात गोन्साल्विस स्वतः पडला. तेव्हा आधीच्या वर्षीचा विजेता टोबी प्राइस त्याच्यासाठी थांबला. गोन्साल्विस वाचला नाही. पण तो एकटा नव्हता.

डकारवाले थांबतात आणि आपल्याला भज्यांची घाई!

थांबायला आपण घाबरतो, त्याचं एक कारण पोलिस. ‘उगाच लफड्यात अडकू’ ही भीती जुनी आहे. पण 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या सुधारणेनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलिस करू शकत नाहीत. 108 ला फोन लावणं तर सगळ्यांनाच जमतं.

चांगल्या रायडिंग ग्रुपांमध्ये दोन जागा आधी ठरतात. पुढचा ‘लीड’ आणि शेवटचा ‘स्वीप’, म्हणजे झाडून सगळ्यांना सोबत आणणारा. लीड रस्ता जाणणारा असावा लागतो. स्वीप मात्र सगळ्यात अनुभवी असतो. कोणाची गाडी बंद पडली, कोण दमलं, कोणाचा इंडिकेटर चालू राहिला, हे त्याला दिसतं. त्याच्याकडे पान्हा असतो, प्रथमोपचाराची पेटी असते. तो रीलमध्ये दिसत नाही, कारण रील पुढचे काढतात. आणखी एक साधा नियम असतो: प्रत्येकानं आरशात मागची गाडी बघत राहायचं. दिसेनाशी झाली तर हळू व्हायचं. तरी आली नाही तर थांबायचं. असं प्रत्येकानं केलं, तर निरोप आपोआप सगळ्यात पुढच्यापर्यंत पोचतो. या एका नियमानं त्या दिवशी आमचा पाऊण तास वाचला असता.

आणि आरशात फक्त आपला ग्रुप बघू नका. चैत्रात सप्तशृंगी गडाकडे जाणारा रस्ता खानदेशातून पायी आलेल्या भाविकांनी भरलेला असतो. कांद्याच्या हंगामात संध्याकाळी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक समोर उभी दिसते. रविवारी त्याच रस्त्यावर फाडलेला सायलेन्सर वाजवत, नांदुरीच्या घाटात ओव्हरटेक करत जाणाऱ्याला मी पुढे गेलेला म्हणणार नाही. मागे बसलेली बहीण जीव मुठीत धरून बसली असेल, तर त्याला गाडी चालवता येत नाही, एवढंच त्याचं सर्टिफिकेट.

आमच्या ग्रुपची पुढची राइड झाली, तेव्हा स्वीप मी मागून घेतलं. खरं सांगू? कंटाळवाणं असतं. पुढच्यांचा चिखल तोंडावर उडतो, चहा गार झालेला मिळतो, फोटोत जागा नसते. पण नऊच्या नऊ जण घरी पोचल्याचं सगळ्यात आधी मला कळलं.

पुढच्या राइडला निघाल तेव्हा पुढे कोण जाणार यावर भांडू नका. मागे कोण राहणार, ते आधी ठरवा. कोणीच तयार नसेल, तर तुम्ही राहा.