उडणारा फ्यूज

मूर्तिजापूर ओलांडल्यावर एका ट्रकचालकाने माझ्या पुतण्यास हात करून थांबविले आणि मोटारीचे मागचे दोन्ही दिवे बंद असल्याचे सांगितले. समोरचा झोत शाबूत असल्याने त्याच्या ते ध्यानातही आले नव्हते. अमरावतीहून कापडाचा माल घेऊन तो आठवड्यातून दोनदा रात्री अकोल्यास परततो. जून २०२२ मध्ये याच मार्गावरील ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत होऊन त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता सुधारला तसा वेगही वाढला. तेथे मागचे दिवे नसणे म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

मोटार १९९८ ची मारुती ८००. बँकेच्या कर्जातून घेतलेली, म्हणून माझा जीव तिच्यात अडकलेला. फ्यूज बदलला, दोन दिवसांत पुन्हा उडाला. वाटेवरच्या एका कारागिराने फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून दिली. दिवे लागले, पुतण्या खूश! तेरजेतला फरक उचंत खात्यात टाकून मोकळे होणारे कारकून मी पुष्कळ पाहिले आहेत; हा त्यांतलाच प्रकार. तिसऱ्या दिवशी मोटारीत जळका वास आला, तेव्हा मी किल्ली काढून घेतली.

हिशेब अगदी साधा. त्या फ्यूजवरील सारे छोटे बल्ब मिळून तीस वॅट धरले, तरी बारा व्होल्टला अडीच अँपिअर होतात. पंधरा अँपिअरचा फ्यूज उडतो, याचा अर्थ वीज बल्बपर्यंत न पोहोचता मध्येच कोठेतरी पत्र्यात उतरते आहे. फ्यूज हा वायरचा जामीनदार. त्याच्या जागी तार घातली की जळण्याची पाळी वायरवर येते.

आमच्या गल्लीतील वृद्ध वायरमन हेच वऱ्हाडीत म्हणाला, "फ्यूजच्या जागी तार टाकली त वायर जयन, साहेब." त्याने तार उपटून फ्यूजच्या दोन टोकांमध्ये ब्रेकलाइटचा एकवीस वॅटचा बल्ब जोडला आणि मागचे-पुढचे बल्ब काढून ठेवले. आता स्विच दाबल्यावर चाचणीचा बल्ब जवळजवळ विझलेला राहावयास हवा. लख्ख पेटला तर शॉर्ट आहे. तो विझलेलाच राहिला. तासभर काही सापडेना. अखेर मी पुतण्यास नेहमीसारखा आत बसावयास सांगितले. त्याचा पाय दाराच्या उंबऱ्यावर पडताच बल्ब लख्ख पेटला. पाय उचलताच विझला. मागच्या जोडणीचा सॉकेट सोडला, तर पाय ठेवूनही पेटेना. म्हणजे दोष मागे जाणाऱ्या वायरीतच.

बॅटरीचे ऋण टोक सोडून गालिचा उचलला. उंबऱ्यावरील शोभेच्या पट्टीचा एक स्क्रू गरजेपेक्षा लांब होता आणि त्याचे टोक वायरींच्या जुडग्यात टेकले होते. वऱ्हाडातील इतक्या उन्हाळ्यांनी कडक झालेले वेष्टन तेथे चिरले होते. तांब्याच्या तारेने तापलेली वायर पुढे वीतभर काळवंडली होती. तेवढी कापून नवी जोडली, वर नळी चढविली आणि स्क्रू आखूड घातला.

"ही पट्टी कोणत्या अडाण्याने बसविली?" वायरमनने विचारले. पुतण्या माझ्याकडे पाहत राहिला. मोटार नवी असताना एका रविवारी ती मीच बसविली होती.