पिशवी काढण्याआधी आत पाहा

शेतीखात्याच्या माणसाने बायकांच्या दुखण्यावर लिहावे, हे काहींना खटकेल. पण गेल्या हंगामात बोंडअळीची पाहणी करताना एका शेतकऱ्याने विचारले, "साहेब, आईच्या पिशवीचं ऑपरेशन सांगितलंय. शेळ्या विकू का?" आईची पाळी जाऊन दहा वर्षे झालेली. तीन महिने डाग लागत होते. लाजेपायी माउली सुनेलाही बोलली नव्हती. आत काय आहे ते पाहिले का, विचारले; तर नाही.

शेतकरी बंधूंनो, कपाशीचे झाड सुकले की आपण ते उपटून आधी मुळी बघतो. लगेच सगळ्या शेतात नांगर घालत नाही. मग इथेच घाई का?

पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी लागला, तरी तपासणी झालीच पाहिजे. अशा शंभर बायकांत साधारण पाच ते दहा जणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो. बाकीच्यांना बहुधा अस्तर सुकणे, मस्सा अशी साधी कारणे असतात. म्हणजे दुखणे दडवणेही चूक आणि भिऊन पिशवी काढणेही चूक.

आधी सोनोग्राफी करतात. अस्तर ४ मिलिमीटरपर्यंत पातळ असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. जाड असेल किंवा पुन्हा डाग लागला, तर दुर्बीण. ३ ते ५ मिलिमीटरची नळी खालच्या वाटेनेच आत जाते. टाका नाही, सहसा भूलही नाही. सलाइनने पिशवी फुगवून डॉक्टर डोळ्यांनी बघतात, संशय आला तर तुकडा तपासणीला घेतात. नुसते न बघता खरवडले तर मस्सा सुटू शकतो. कळ येते, पण काम थोड्या मिनिटांचे. बाई त्याच दिवशी घरी जाते.

त्या माउलीला जिल्ह्याच्या गावी नेले. लहानसा मस्सा निघाला, तिथेच काढला, रिपोर्ट साधा आला. शेळ्या दावणीलाच राहिल्या. कर्करोग निघाला असता तर पिशवी काढणेच योग्य ठरले असते, पण ते पाहून, कळून.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. तिथे कमी वयाच्या बायका होत्या, पण धडा तोच. सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी महिला ग्रामसभेत आशाताईंना हा विषय मांडू द्यावा. जिल्हा रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागातच ही दुर्बीण मिळावी, असा ठरावही करावा. आणि घरातल्या लेकीने, सुनेने म्हातारीला एकदा जवळ बसून विचारावे. ती आपणहून सांगणार नाही.