धुराची तपासणी दरवर्षी, स्टेअरिंगची १५ वर्षांनी! जुन्या गाडीची खडखड नेमकं काय सांगते?

चांदणी चौक सोडला, भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकलं की रस्ता मुळशी धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटाकडे जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर नव्या एसयूव्ही दिसतात, तशाच १२-१५ वर्षं जुन्या हॅचबॅकही दिसतात. यातल्या कित्येक जुन्या गाड्या बारीक खड्ड्यांवरून जाताना पुढून 'खड-खड' वाजतात, स्टेअरिंग हातात हलकंसं थरथरतं. "जुनी गाडी आहे, वाजणारच," असं म्हणून आपण गाण्याचा आवाज वाढवतो.

पण हा आवाज दरवाजाच्या रबराचा असणं वेगळं आणि स्टेअरिंगच्या जॉइंटचा असणं वेगळं. दुसऱ्या प्रकारचा आवाज म्हणजे इशारा असतो. आणि आपल्याकडच्या नियमांनुसार तो इशारा १५ वर्षं तुमच्याशिवाय दुसरं कोणी ऐकणार नसतं.

जुन्या गाड्यांबद्दल सरकार काय म्हणतंय?

गेल्या काही वर्षांत जुन्या गाड्यांबद्दल जे काही नियम आले, ते मुख्यतः वय आणि धूर या दोन गोष्टींवर आले.

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या खासगी कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून थेट ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांहून जुन्या कारसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. दिल्लीत तर १ जुलै २०२५ पासून १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना इंधनच द्यायचं नाही, असा नियम लागू झाला. लोक भडकले आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला.

आता तपासणीचं बघा. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षातून एकदा, त्याहून जुन्या गाड्यांना दर ६ महिन्यांनी काढावी लागते. तिथे तपासला जातो तो धूर. ब्रेक, सस्पेन्शन, स्टेअरिंग यांच्याकडे पीयूसी केंद्रात कोणी बघत नाही.

टॅक्सी, टेम्पो, बस या पिवळ्या पाटीच्या गाड्यांना ठराविक काळाने फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खासगी कारचं तसं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते. १५ वर्षांनी गाडी आरटीओच्या तपासणीला जाते, पास झाली तर नोंदणी ५ वर्षांनी वाढते. म्हणजे शोरूममधून बाहेर पडल्यापासून पहिली सरकारी तपासणी थेट १५ व्या वर्षी. मधल्या काळात गाडी दोन-तीन मालकांकडे फिरून आलेली असते आणि प्रत्येक व्यवहारात आरसी, विमा आणि पीयूसी एवढेच कागद बघितलेले असतात.

स्टेअरिंगमध्ये नेमकं झिजतं काय?

तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की तो पिळा कॉलममधून खाली जातो. वाटेत एक-दोन सांधे असतात, त्यांना गॅरेजमध्ये 'क्रॉस' म्हणतात. खाली स्टेअरिंगची रॅक असते, ती डावी-उजवीकडे सरकते. रॅकच्या टोकाला रॅक एंड, पुढे टायरॉड आणि अगदी चाकापाशी टायरॉड एंड. चाकाचा भार पेलणाऱ्या खालच्या आर्मला वेगळा बॉल जॉइंट असतो.

टायरॉड एंड, रॅक एंड आणि बॉल जॉइंट यांची रचना आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी असते. वाटीत गोळा, मध्ये ग्रीस आणि वरून रबराचं बूट. हे बूट फाटलं की ग्रीस बाहेर येतं, पाणी आणि माती आत जाते. मग गोळा आणि वाटी एकमेकांना घासतात, फट पडते. मेकॅनिक म्हणतो, "प्ले आलाय." खड्ड्यात चाक हललं की गोळा त्या फटीत आपटतो, तीच खडखड.

आता हे मुळशीत लवकर का होऊ शकतं, ते लक्षात येईल. २५ जुलै २०२४ ला ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलीमीटर पावसाची नोंद झाली. पुणे शहरात वर्षभराचा सरासरी पाऊसच ७०० ते ७५० मिलीमीटरच्या घरात असतो. इतकं पाणी, त्यात खड्डे, लाल चिखल आणि घाटातली सततची वळणं. फाटलेल्या बुटाच्या जॉइंटला यापेक्षा वाईट जागा नाही.

याने खरंच एवढा धोका असतो का?

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. कारण होतं स्टेअरिंग टायरॉडच्या एका भागात दोष असल्याची शक्यता. हा भाग क्वचित तुटू शकतो आणि गाडी वळवण्यावर, सांभाळण्यावर परिणाम होऊ शकतो, असं कंपनीने म्हटलं होतं.

तो उत्पादनातला दोष होता, झीज नव्हती. पण मुद्दा तोच आहे. हा भाग निकामी झाला तर हातातलं स्टेअरिंग आणि रस्त्यावरचं चाक यांचा संबंध तुटतो. नव्या गाडीत दोष निघाला तर कंपनी फोन करून बोलावते. १४ वर्षं जुन्या गाडीत झीज झाली तर फोन कोणाचाच येत नाही.

दिलासा एवढाच की हा जॉइंट सहसा एका दिवसात निखळत नाही. आधी तो वाजतो, मग गाडी सरळ रस्त्यावर भरकटल्यासारखी वाटते, टायर आतल्या किंवा बाहेरच्या कडेने खाल्ला जातो. म्हणजे वेळ मिळतो.

आवाज कशाचा आहे, हे कसं ओळखायचं?

कमी वेगात बारीक खड्ड्यांवर खडखड आणि स्टेअरिंगमध्ये थरथर असेल, तर संशय टायरॉड एंड किंवा रॅक एंडवर. उभ्या गाडीत स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवल्यावर पायापाशी 'टक' वाजलं, तर कॉलमचा क्रॉस बघा. स्पीडब्रेकरवर आवाज येतो पण स्टेअरिंग घट्ट आहे, तर बहुतेक वेळा लिंक रॉड किंवा आर्मचे बुश. पूर्ण वळण घेताना सलग 'कट-कट' येत असेल, तर ते एक्सलच्या जॉइंटचं काम, स्टेअरिंगचं नाही.

खात्री करायची साधी पद्धत अशी. सपाट, टणक जागेवर हँडब्रेक लावून आणि मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एक चाक उचलायचं. जॅकच्या जोडीला स्टँड हवाच, आणि गाडीखाली शिरायचं नाही. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी हात धरून चाक हलवायचं. टकटक लागली तर टायरॉड एंड किंवा रॅक एंड गेलेला असू शकतो. १२ आणि ६ वर धरून हललं, तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. हे स्वतः जमत नसेल तर अलाइनमेंटच्या दुकानात सांगा, गाडी रॅम्पवर असतेच.

दुरुस्तीत फसायचं कुठे नाही?

पहिली गोष्ट, तेलाचा फवारा मारून आवाज दोन-चार दिवस दबतो, फट तशीच राहते. दुसरी, झिजलेला जॉइंट ठोकून घट्ट करणं किंवा वेल्डिंग करणं म्हणजे जिवाशी खेळ. हा भाग बदलायचाच असतो.

तिसरी गोष्ट खर्चाची. लहान हॅचबॅकचा टायरॉड एंड काही शे रुपयांत मिळतो. मजुरी आणि अलाइनमेंट धरूनही हे काम बहुतेक वेळा पुनर्नोंदणीच्या ५,००० रुपयांच्या आतच बसतं. त्यामुळे कोणी थेट "पूर्ण रॅक बदला" म्हणालं, तर आधी प्ले कुठे आहे ते हाताने हलवून दाखवायला सांगा. आणि काढलेला जुना भाग परत मागा.

चौथी गोष्ट, जॉइंट जिथे कॉटर पिनने अडवलेला असतो तिथे पिन नवी हवी. काम झाल्यावर अलाइनमेंट करायलाच हवं, नाहीतर नवा जॉइंट असूनही टायर खाल्ले जातील.

मग नियम बदलायला हवेत का?

ब्रिटनमध्ये १९६० साली गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली. तेव्हा फक्त ब्रेक, दिवे आणि स्टेअरिंग एवढंच बघायचे, तेही १० वर्षं जुन्या गाड्यांचं. आज तिथे गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. जर्मनीत आणि जपानमध्ये पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी असते.

आपल्याकडे असं केलं तर आरटीओच्या रांगा आणि एजंट वाढतील, ही भीती खोटी नाही. अनेक ठिकाणी पीयूसीचं काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय जुनी गाडी वापरणारा माणूस बहुतेकदा हौसेने नाही, परवडत नाही म्हणून ती वापरतो. त्याच्यावर अजून एक फी लादून रस्ता सुरक्षित होईलच असं नाही.

पण फी वाढवणं आणि तपासणी वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १५ वर्षांची नीट राखलेली गाडी सुरक्षित असू शकते आणि ८ वर्षांची हेळसांड झालेली गाडी घाटात धोक्याची ठरू शकते. फक्त वय मोजणाऱ्या नियमाला हा फरक दिसत नाही. आठव्या आणि बाराव्या वर्षी ब्रेक, टायर आणि स्टेअरिंग एवढ्याच तीन गोष्टींची तपासणी ठेवली, तरी मधली मोठी पोकळी भरून निघेल.

तोपर्यंत हे काम गाडीच्या मालकाचंच आहे. गाडी वाजत असेल, तर ताम्हिणीचा प्लॅन ठरवण्याआधी पुढचं चाक एकदा उचलून हलवून बघा. अर्ध्या तासाचं काम आहे.